मासिक पाळीचा कप : स्वच्छता आणि निगा

(रुग्णालयाच्या सभागृहात परिसरातील महिला बचत गटांच्या सदस्या, अंगणवाडी व आशा सेविका आणि पालक यांच्यासमोर स्त्रीरोग विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर आहे.)



आजचा विषय जाहीर सभेत बोलण्याचा नव्हे, असे अनेकांना वाटत असेल. तरीही विश्वस्त मंडळाने तो या सभागृहात मांडण्याची संधी दिली, याबद्दल आम्ही प्रारंभीच मंडळाचे आभार मानतो. गेल्या काही वर्षांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात मासिक पाळीच्या कपाविषयी विचारणा वाढत चालली आहे. कप कसा वापरावा, हे मुली परस्परांकडून शिकतात. परंतु तो कसा धुवावा, किती वेळ उकळावा, कोठे ठेवावा, हे प्रश्न बहुधा सर्व बोलणे संपल्यावर, उठता उठता, दबक्या आवाजात विचारले जातात. आज आम्ही याच उठता उठता विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपासून सुरुवात करणार आहोत.

कप म्हणजे काय?

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनपासून बनवलेली ही घंटेच्या आकाराची, मऊ व लवचिक वाटी असते. घडी करून ती योनिमार्गात बसविली की आत उघडते, बाजूंना घट्ट टेकते आणि स्राव तिच्यात साठतो. पॅड किंवा कापड स्राव शोषून घेते. कप तो केवळ साठवितो. साधारण कपात २० ते ३० मिलिलिटर स्राव मावतो. एका संपूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि ८० मिलिलिटरच्या पुढे गेल्यास त्यास वैद्यकशास्त्र अतिस्राव मानते, हे ध्यानात घेतले म्हणजे एवढीशी वाटी कशी पुरते याचे आश्चर्य वाटणार नाही.

ही कल्पना नवी नाही. लिओना चाल्मर्स या अमेरिकन अभिनेत्रीने १९३७ साली रबरी कपाचे पेटंट मिळविले होते. त्या काळी ही वस्तू फारशी रुजली नाही. कारण ती हाताळताना स्वतःच्या शरीराला स्पर्श करावा लागे आणि ती धुऊन पुन्हा वापरावी लागे. पुढे सिलिकोन आले आणि कप अधिक मऊ व टिकाऊ झाला. २०१९ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात कपाविषयीच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासांत ३,३१९ स्त्रिया व मुलींचा समावेश होता. कपातून होणारी गळती इतर साधनांइतकीच किंवा त्याहून कमी असते आणि ज्यांनी तो वापरून पाहिला त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रिया तो पुढेही वापरू इच्छितात, असे त्यातून दिसून आले. आपल्या देशातील चित्र मात्र वेगळे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयोगटातील ६४ टक्के मुलींनी सॅनिटरी नॅपकिन, तर ५० टक्के मुलींनी कापड वापरत असल्याचे सांगितले; काही मुली दोन्ही वापरतात. कप वापरणाऱ्यांचे प्रमाण एक टक्काही भरले नाही.

हडपसरकरांना हा विषय का जवळचा?

आपल्या परिसराला कचऱ्याचा प्रश्न समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. उरुळी देवाची व फुरसुंगी येथील कचरा डेपोचा त्रास आपल्या शेजारच्या गावांनी वर्षानुवर्षे सोसला आणि त्यासाठी आंदोलनेही केली. कचरा प्रक्रिया प्रकल्पांमुळे रामटेकडीचे नावही आपल्या नित्याच्या बोलण्यात आले आहे. एका पाळीला बारा पॅड धरले तर एक स्त्री दहा वर्षांत सुमारे १,४४० पॅड टाकते. त्यांतील प्लास्टिकचा थर व शोषक रसायन कुजत नाही. नीट राखलेला एक कप मात्र अनेक वर्षे, काही उत्पादकांच्या मते दहा वर्षांपर्यंत, टिकतो.

परंतु हा प्रश्न केवळ ढिगाऱ्याचा नाही. टाकलेले पॅड कोणाच्या तरी हातात येते. पुण्यातील कचरावेचक स्त्री-पुरुषांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महानगरपालिकेसमवेत घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उघडे पॅड सुक्या कचऱ्यातून हाताने वेगळे काढावे लागते, ही या भगिनींची जुनी तक्रार. वापरलेले पॅड गुंडाळण्यासाठी त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाच्या पिशव्या तयार केल्या. २०१३ साली त्यांनी वापरलेली पॅड्स उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून त्यांना जबाबदारीची जाणीव करून दिली. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आणि ते गुंडाळून देण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांवर टाकण्यात आली. आज या सभागृहात बसलेल्या काही भगिनी पॅड टाकणाऱ्या असतील, तर काही ते उचलणाऱ्या. दोघींच्या आरोग्याचा विचार एकत्रच करावा लागेल.

असे असूनही ‘उद्यापासून सर्वांनी कप वापरा’ असे आम्ही म्हणणार नाही. कप ही पुन्हा पुन्हा शरीराच्या आत जाणारी वस्तू आहे. तिची निगा राखण्याची सोय नसेल, तर तिचा लाभ होण्याऐवजी अपायच व्हावयाचा. म्हणून आमच्या विभागाने एक साधे सूत्र ठरविले आहे : भांडे आधी, कप नंतर. कप उकळण्यासाठी स्वतंत्र भांडे, ते ठेवण्याची जागा आणि ते चुलीवर चढविण्याची मोकळीक या तीन गोष्टी घरात असतील तरच कप घ्यावा. या सूत्रामागील कारणे आता क्रमाने सांगतो.

अस्वच्छता येते कोठून?

पाळीचे रक्त घाणेरडे असते, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. ते शरीरातलेच रक्त असते. त्यासोबत गर्भाशयाचे अस्तर बाहेर पडते. जंतू येतात ते मुख्यतः आपल्या हातांवरून, नखांतून, अस्वच्छ पाण्यातून आणि नीट न वाळलेल्या वस्तूवरून. स्राव बराच काळ उबदार जागी साठून राहिला तर त्यात जंतू वाढू शकतात.

यातील सर्वांत गंभीर, पण अत्यंत विरळा आजार म्हणजे टॉक्सिक शॉक सिंड्रोम. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू विशिष्ट विष तयार करतात आणि ते रक्तात मिसळते. १९८० साली अमेरिकेत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांत या आजाराची साथच उद्भवली व एक उत्पादन बाजारातून मागे घ्यावे लागले. कपाच्या संदर्भात असे रुग्ण फारच थोडे आढळले आहेत. वर उल्लेखिलेल्या २०१९ च्या आढाव्यात अशा पाच रुग्णांची नोंद आहे. तथापि, कप वापरला म्हणजे हा धोका शून्य होतो, असे समजू नये. फ्रान्समधील लिऑं येथील संशोधकांनी २०१८ साली प्रयोगशाळेत केलेल्या परीक्षणात असे आढळले की, हे जंतू कपाच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करू शकतात आणि तो थर नुसत्या पाण्याने तीनदा धुऊनही पुरता जात नाही. उकळणे अनिवार्य का, याचे उत्तर येथे आहे. पाण्याने डाग जातो. जंतू जातात ते उकळण्याने.

पाळीपूर्वी

नवा कप आणल्यावर आणि त्यानंतर प्रत्येक पाळीच्या आरंभी तो उकळून घ्यावा. कृती सोपी आहे. प्रथम कप साध्या, सुगंध नसलेल्या साबणाने व स्वच्छ पाण्याने धुवावा. एका लहान स्टीलच्या भांड्यात कप पूर्ण बुडून वर तीन-चार बोटे पाणी राहील इतके पाणी घ्यावे. पाणी खळखळ उकळू लागल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटे उकळू द्यावे. उत्पादकाच्या पत्रकात याहून अधिक वेळ सांगितला असेल तर तो पाळावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. हे तापमानही जंतुनाशासाठी पुरेसे आहे, मात्र वेळेत काटकसर करू नये.

भांडे चुलीवर असताना तेथून हलू नये. पाणी आटले तर कप तळाला चिकटून करपतो. तो तळाला टेकू नये म्हणून स्टीलच्या गाळणीत ठेवून गाळणी पाण्यात बुडवावी. ही गाळणी मात्र चहासाठी वापरू नये. उकळल्यावर पाणी ओतून द्यावे, कप निवू द्यावा आणि धुतलेल्या हातांनीच उचलावा. या साऱ्याला एका चहाइतकाच गॅस लागतो.

वसतिगृहात चूल नसेल, तर किटलीतील खळखळते पाणी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कपावर ओतून दहा मिनिटे झाकून ठेवण्याची पद्धत काही मुली अनुसरतात. हे उकळण्याइतके खात्रीचे नाही. तात्पुरती सोय म्हणूनच त्याकडे पाहावे. सर्वांच्या सामाईक किटलीत कप टाकू नये, हे सांगणे नलगे.

पाळीच्या दिवसांत

सर्वांत महत्त्वाचा नियम कपाविषयी नसून हातांविषयी आहे. कप घालण्यापूर्वी आणि काढण्यापूर्वी, दोन्ही वेळा, हात साबणाने किमान वीस सेकंद धुवावेत. नखे कापलेली असावीत. काढल्यावर हात धुण्याची सवय सर्वांनाच असते; काढण्याआधी धुण्याचा विसर पडतो आणि जंतूंचा प्रवेश नेमका तेव्हाच होतो.

कप काढताना नुसती दांडी ओढू नये. तळाशी बोटांनी चिमटीत दाबले म्हणजे आत हवा शिरते, पकड सुटते आणि कप सहज बाहेर येतो. आतील स्राव संडासात ओतून द्यावा. त्यानंतर कप आधी थंड पाण्याने धुवावा. गरम पाण्याने रक्त गोठून डाग पक्का बसतो. मग साध्या साबणाने आतून-बाहेरून चोळून, साबणाचा अंशही राहणार नाही इतके पाणी घालून खळखळावा. साबण राहिला तर आत आग होते.

कपाच्या काठाखाली बारीक छिद्रे असतात. पकड सुटावी यासाठी ती असतात आणि घाण साचते तीही तेथेच. कप पाण्याने काठोकाठ भरून, तोंडावर तळहात घट्ट दाबून पिळावा. छिद्रांतून पाण्याच्या बारीक धारा बाहेर आल्या म्हणजे छिद्रे मोकळी झाली असे समजावे. टाचणी किंवा सुई घालू नये, छिद्र फाटते. मऊ केसांचा दात घासण्याचा लहान ब्रश याच कामासाठी वेगळा ठेवल्यास उत्तम.

कप एका वेळी बारा तासांपेक्षा अधिक ठेवू नये. स्राव अधिक असेल त्या दिवशी चार ते सहा तासांनी रिकामा करावा. ही बारा तासांची मुभा आपल्याकडील कष्टकरी भगिनींना मोलाची आहे. मंडईत भाजी विकणाऱ्या, बांधकामावर किंवा कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या स्त्रीला दिवसा पाण्याची व आडोशाची खात्री नसते. सकाळी घरी कप बसवून सायंकाळी घरीच काढता आला, तर अस्वच्छ जागेत तो हाताळण्याचा प्रसंग येत नाही. बाहेर काढावाच लागला, तर पिण्याच्या पाण्याची बाटली सोबत असावी. आधी हात धुवावेत, कप रिकामा करून त्या पाण्याने धुवावा व पुन्हा बसवावा. पाणी मुळीच नसेल तर स्वच्छ कोऱ्या कागदाने पुसून बसवावा आणि घरी येताच साबणाने धुवावा. कप हातातून निसटून संडासात पडला, तर तो तसाच धुऊन वापरू नये. घरच्या संडासात पडला असेल तर साबणाने नीट धुऊन दहा मिनिटे उकळल्यावाचून वापरू नये. सार्वजनिक संडासात पडला असेल तर त्याचा मोह न धरता टाकून द्यावा.

पाळी संपल्यावर

शेवटच्या दिवशी पुन्हा धुऊन पाच मिनिटे उकळावे, स्वच्छ कापडावर ठेवून पूर्ण कोरडा करावा आणि सुती थैलीत ठेवावा. हवाबंद डबा, प्लास्टिकची पिशवी किंवा पर्सचा कप्पा ही कपाची जागा नव्हे. ओल कोंडली की बुरशी धरते. पावसाळ्यात आपल्याकडे काहीच लवकर वाळत नाही. त्या दिवसांत कोरड्या सुती कापडाने पुसून, हवेशीर जागी काही तास ठेवून मगच थैलीत घालावा. थैलीही दर महिन्याला धुऊन उन्हात वाळवावी.

काही दिवसांनी कपाचा रंग पिवळट होतो. डाग म्हणजे घाण नव्हे. धुतलेला कप काही तास उन्हात ठेवल्यास डाग फिका होतो. कूपनलिकेच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात उकळल्यास कपावर पांढरा थर बसतो. तो क्षारांचा असतो. उकळत्या पाण्यात थोडा लिंबाचा रस पिळला तर तो सुटतो. त्यानंतर कप साध्या पाण्याने धुऊन घ्यावा. शक्य असेल तर पिण्याचे गाळलेले पाणीच उकळण्यासाठी घ्यावे.

स्वच्छतेच्या उत्साहात काही गोष्टी टाळाव्यात. डेटॉल, सॅव्हलॉन, फिनेल, ब्लीचिंग पावडर, स्पिरिट, सुगंधी साबण, हळद, तेल यांपैकी काहीही कपाला लावू नये. त्यांचा अंश राहिला तर आतील नाजूक त्वचेला इजा होते आणि सिलिकोनही खराब होते. योनिमार्ग साबणाने किंवा औषधी पाण्याने आतून धुण्याचीही आवश्यकता नाही. तेथील उपयुक्त जंतू निसर्गतःच त्याचे रक्षण करतात. धुण्याने ते नाहीसे होतात व जंतुसंसर्ग वाढतो.

कप चिकट लागू लागला, त्यावर भुकटीसारखा थर सुटू लागला, चीर पडली किंवा उकळूनही वास जाईना, तर त्याचे आयुष्य संपले असे समजून तो बदलावा. आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे : एक कप एकाच स्त्रीचा. मायलेकी, बहिणी-बहिणी किंवा जावा-जावा यांनी तो वाटून वापरू नये.

कोणी आधी सल्ला घ्यावा?

तांबी बसविलेल्या भगिनींनी आम्हांस विचारल्याशिवाय कप वापरू नये. कप ओढताना तांबीचा धागा सोबत ओढला जाऊन ती सरकू शकते. २०१९ च्या आढाव्यातही तांबी निसटल्याच्या १३ घटना नोंदविल्या आहेत. तांबी सरकल्याचे लक्षात आले नाही तर नको असलेली गर्भधारणा होऊ शकते. प्रसूती किंवा गर्भपात झाल्यावर तपासणी होऊन परवानगी मिळेपर्यंत कप वापरू नये. प्रसूतीनंतर हा काळ किमान सहा आठवड्यांचा धरावा. अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या भगिनींनीही प्रथम तपासून घ्यावे. अंगावरून पांढरे जाणे, खाज, दुर्गंधी, ओटीपोटात दुखणे असे काही असेल तर उपचार पूर्ण होईपर्यंत कप बाजूला ठेवावा आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी उकळावा.

पाळीत एकाएकी जोराचा ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, अंगावर उन्हाने भाजल्यासारखा लाल पुरळ अशी लक्षणे दिसली तर कप ताबडतोब काढावा आणि रात्र असो वा दिवस, रुग्णालयात यावे. येताच ‘मी कप वापरते’ हे सांगावे. ते सांगण्यास संकोच केला तर निदानास उशीर होतो.

पालकांचा एक प्रश्न नेहमीचा असतो : अविवाहित मुलीने कप वापरला तर? योनिपटल हे लवचिक असते, प्रत्येकीचे निराळे असते आणि ते खेळण्या-धावण्यानेही ताणले जाऊ शकते. त्यावरून कौमार्य ठरविता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा चाचण्यांना कोणताही वैज्ञानिक आधार नसल्याचे सांगून त्या बंद करण्याचे आवाहन केले आहे. मुलीला कप नको वाटत असेल तर तिला आग्रह करू नये. हवा असेल तर या भीतीपोटी नाकारू नये.

भांडे कोठे ठेवायचे?

आता आम्ही मूळ सूत्राकडे वळतो. आतापर्यंत सांगितलेली सर्व कृती एका भांड्यावर आणि पाच मिनिटांच्या चुलीवर अवलंबून आहे. आमच्या अनुभवाने कपाची निगा बिघडते ती अज्ञानामुळे क्वचित, संकोचामुळे अधिक. एका खोलीच्या घरात सासू-सासरे, दीर, मुले यांच्यादेखत ते भांडे चुलीवर कसे चढवायचे, हा प्रश्न सुनेला पडतो. मग कधी सगळे झोपल्यावर घाईने दोन मिनिटे उकळले जाते, कधी नुसत्या नळाच्या पाण्यावर भागविले जाते आणि ओला कप कपड्यांच्या तळाशी लपविला जातो.

हे नवे नाही. आपल्या आई-आजींच्या कापडाच्या घड्यांचीही हीच कथा होती. कापड मुळात वाईट नव्हते. साबणाने धुऊन कडक उन्हात वाळविलेले सुती कापड आजही सुरक्षित साधन आहे. परंतु ते साडीखाली, माळ्यावर, मोरीच्या कोपऱ्यात, कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा ओल्या अंधाऱ्या जागी वाळत घातले गेले आणि तेथे ते रोगाचे कारण झाले. साधन बदलून कप आला. लपविण्याची जागा तीच राहिली तर फळही तेच मिळणार. जे लपवावे लागते ते नीट धुतले जात नाही आणि नीट वाळतही नाही.

म्हणून घरातील थोरांना आमची विनंती आहे. सासूबाईंनी, आईने आपणहून एक लहान स्टीलचे भांडे या कामासाठी वेगळे काढून द्यावे. त्यावर नेलपॉलिशने किंवा कोरून खूण करावी, म्हणजे ते स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळणार नाही. कोणाला विटाळाची शंका येत असेल, तर बाळाच्या दुधाच्या बाटल्या आपण याच चुलीवर उकळतो, हे त्यांनी आठवावे. उकळत्या पाण्यात जंतू टिकत नाहीत आणि चूलही त्यामुळे अपवित्र होत नाही. पुरुष मंडळींनी तर एवढेच करावे की, ते भांडे चुलीवर दिसले असता ‘हे काय आहे’ असे विचारू नये. आणि विचारलेच, तर उत्तर ऐकून घेऊन गॅसजवळ पाच मिनिटे उभे राहावे.

या मोकळेपणासाठी आपल्या महाराष्ट्राने परक्यांकडे पाहण्याचे कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले आणि शरीरविषयक प्रश्नांना स्वच्छ मराठीत उत्तरे दिली. अशा विचारांसाठी त्यांनी नोकरी गमावली व न्यायालयातही खेटे घातले. त्या मानाने एक भांडे चुलीवर ठेवण्याचे धैर्य फार मोठे नाही.

समाजाने काय करावे?

केरळातील आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली सुमारे पाच हजार कप स्त्रियांना दिले. २०१८ च्या महापुरात निवारा छावण्यांतील पॅडच्या कचऱ्याचा प्रश्न तीव्रपणे पुढे आला होता, ही त्यामागील प्रेरणा. २०२२ च्या जानेवारीत एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी गावानेही हीच वाट धरली. अशा उपक्रमांतून घेण्यासारखा बोध एवढाच की, कप वाटण्याबरोबर तो वापरण्याचे व राखण्याचे शिक्षण दिले पाहिजे. नुसता कप हाती देणे म्हणजे औषधाची बाटली देऊन मात्रा न सांगणे होय.

आपल्या परिसरातील बचत गटांना आम्ही तीन गोष्टी सुचवितो. कपासोबत भांडे व सुती थैली असा एकत्रित संच द्यावा. कप सुरू केलेल्या भगिनीची पहिले तीन महिने विचारपूस करावी. कारण सवय जडण्यास दोन-तीन पाळ्या जातात आणि बहुतेक अडचणी याच काळात येतात. आणि कामाच्या ठिकाणी, मंडईत, बसस्थानकावर स्त्रियांच्या शौचालयाच्या आतच, दाराच्या अलीकडे, नळ व साबण असावा, अशी मागणी संबंधितांकडे लावून धरावी. नळ बाहेर असेल तर रक्ताने माखलेले हात घेऊन कोणती स्त्री बाहेर येईल?

ज्यांना कप मानवत नाही किंवा नको वाटतो त्यांनी मनात कमीपणा धरू नये. कापड वापरणाऱ्यांनी ते उजळ उन्हात वाळवावे. पॅड वापरणाऱ्यांनी ते दर चार ते सहा तासांनी बदलावे, कागदात घट्ट गुंडाळावे, त्यावर लाल ठिपका काढावा आणि वेगळे द्यावे. तो ठिपका पाहून कचरा वेचणाऱ्या आपल्या भगिनीचा हात वेळीच थांबतो. साधन कोणतेही असो. पाणी, साबण, ऊन आणि मोकळी जागा या चार गोष्टी ज्या घरात पाळीच्या वाट्याला येतात, त्या घरातील स्त्री आमच्याकडे आजार घेऊन कमी वेळा येईल.

व्याख्यानानंतर बाहेरच्या मेजावर कप, भांडे, गाळणी व थैली पाहण्यासाठी मांडून ठेवली आहे. हात लावून पाहावे, प्रश्न विचारावेत आणि शक्य तर मोठ्याने विचारावेत. एकीच्या प्रश्नाने दहा जणींची शंका फिटते.